कुलूप अडलंय? आधी दार उघडून बघा

आजचा विषय एकदम घरगुती आहे. दाराचं कुलूप. तुम्ही म्हणाल, दिवसभर कोड लिहिणारा हा माणूस आज कुलपावर काय बोलणार? पण बग शोधणं आणि अडलेलं कुलूप सोडवणं यात फारसा फरक नाही. दोन्हीकडे आधी एकच प्रश्न विचारायचा: गडबड नेमकी कुठे आहे?

म्हणून पहिली टेस्ट. दार पूर्ण उघडा आणि उघड्या दारातच किल्ली फिरवून बघा. जीभ सहज आत-बाहेर होतेय? मग कुलूप ठणठणीत आहे, घोळ दार आणि चौकटीत आहे. उघड्या दारातही अडतंय? मग दोष कुलपात किंवा किल्लीत. ही दहा सेकंदांची टेस्ट न करता लोक थेट नवीन कुलूप आणतात, आणि तेही चार दिवसांनी तसंच अडायला लागतं.

आधी दाराचं बघू. पावसाळ्यात लाकूड दमट हवेतलं पाणी शोषून फुगतं. मुंबई-कोकणात हे दरवर्षीचं आहे. अशा वेळी लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ नका. पाऊस संपला की लाकूड पुन्हा आकसतं आणि मग दारात फट राहते. तोवर जिथे घासतंय तिथे साधी मेणबत्ती चोळा. तरीही अडलं, तर पॉलिश पेपरने हलकंसं घासा.

दुसरं कारण म्हणजे बिजागरी. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले की दार खाली बसतं, आणि कुलपाची जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या भोकात न जाता कडेला आपटते. नेमकी कुठे आपटते हे बघायला जिभेला खडू लावा आणि दार बंद करून जीभ बाहेर काढा. पट्टीवर जिथे पांढरा डाग, तिथे अडथळा. मग स्क्रू आवळा. भोक मोठं होऊन स्क्रू नुसताच फिरत असेल, तर गुल काढलेल्या आगकाड्या फेविकॉल लावून भोकात बसवा, वाळू द्या आणि मग स्क्रू पिळा. पट्टीचं भोक एखाद-दोन मिलिमीटरने चुकत असेल तर कानशीने घासून वाढवता येतं.

आता कुलूप. आपल्या घरी बहुतेक पिनवाली कुलपं असतात. लायनस येल ज्युनियर याने १८६१ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेची ही वंशावळ, आणि मूळ कल्पना तर प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपांतही होती. आत स्प्रिंगवर बसलेल्या पिनांच्या जोड्या असतात, साधारण पाच किंवा सहा. किल्लीचे दात प्रत्येक जोडी अगदी ठरलेल्या उंचीपर्यंत उचलतात. सगळ्या जोड्यांचे सांधे एका रेषेत आले की मधला गोल भाग फिरतो. एक पिन जरी धुळीने अडकली, तरी किल्ली फिरत नाही.

म्हणून आत खोबरेल तेल ओतू नका! तेलावर धूळ चिकटते, आणि खोबरेल तर साधारण २४ अंशांखाली थिजायला लागतं. त्यापेक्षा मऊ शिशाची पेन्सिल घ्या, किल्लीच्या दातांवर भरपूर घासा आणि किल्ली आठ-दहा वेळा आत-बाहेर करून फिरवा. त्या शिशातलं ग्रॅफाइट हे कोरडं वंगण आहे. मात्र तेल आणि ग्रॅफाइट एकत्र नको, त्याचा चिखल होतो.

एक किल्ली चालते आणि दुसरी चालत नाही? मग कुलपाला दोष देऊ नका. डुप्लिकेटवरून डुप्लिकेट काढली की दातांचा थोडा थोडा फरक वाढत जातो. चावीवाल्याकडे नेहमी मूळ किल्ली न्या. आणि किल्ली आत तुटलीच, तर तुकड्याला फेविक्विक लावायचा व्हिडिओ बघून तसं करू नका. गोंद पिनांवर गेला की सिलेंडर बाद. किल्ली ज्या स्थितीत आत जाते, त्या स्थितीत भोक आणा, मग बारीक चिमट्याने तुकडा ओढा.

हे सगळं मी आज का सांगतोय? आमच्या बिल्डिंगमध्ये एक आजी एकट्या राहतात. वय ७८. त्यांनी संध्याकाळचं फिरणं बंद केलं होतं. सगळ्यांना वाटलं, गुडघे दुखत असतील. खरं कारण हे की परत आल्यावर किल्ली फिरवायला मनगटात जोर पुरत नव्हता, आणि दर वेळी शेजाऱ्यांची बेल वाजवायची त्यांना लाज वाटायची. दार खाली बसलं होतं, बस्स. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू आवळले आणि आजी पुन्हा बाकावर मैत्रिणींमध्ये दिसायला लागल्या.

म्हणून घरात वयस्कर माणसं असतील तर तीन गोष्टी बघाच. एक, रात्री आतून वरची कडी लावली आणि ते पडले, तर बाहेरून दार फोडावं लागतं. त्यापेक्षा बाहेरून किल्लीने उघडेल असं चांगलं लॅच लावा आणि एक किल्ली विश्वासू शेजाऱ्यांकडे ठेवा. दोन, आतल्या बाजूला किल्ली तशीच लावून ठेवू नका. बऱ्याच सिलेंडरमध्ये मग बाहेरून दुसरी किल्ली चालत नाही. तीन, बाथरूमला बाहेरून नाण्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने उघडता येईल असं लॉक बसवा. लहान मूल आत अडकलं, तरी हेच कामी येतं.

स्मार्ट लॉकवाल्यांनो, तुम्हीही ऐका. बॅटरी कमी झाल्याचा इशारा आला की त्याच दिवशी सेल बदला. बऱ्याच मॉडेलना मेकॅनिकल किल्लीही असते. ती घराच्या आत कपाटात ठेवली तर तिचा उपयोग शून्य!

आणि मूल किंवा आजारी माणूस आत अडकलं असेल, तर पेन्सिल-मेणबत्ती विसरा. ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१ लावा. दार नवीन आणता येतं.

आज घरी फोन कराल तेव्हा जेवणाची चौकशी झाली की आणखी एक प्रश्न विचारा: “आई, दाराची किल्ली नीट फिरते ना गं?” उत्तर “थोडा जोर लावावा लागतो” असं आलं, तर पुढच्या सुट्टीत जाताना स्क्रू ड्रायव्हर आणि पेन्सिल सोबत न्या. भेटू पुढच्या भागात!