उजेडाआड दडलेल्या दीर्घिका



दुर्बीण जितकी मोठी तितक्या अधिक अंधूक वस्तू दिसू लागतात, असा आपला समज असतो. ताऱ्यांच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. दीर्घिकांचं तसं नाही. तारा म्हणजे एक बिंदू. दीर्घिकेचा प्रकाश आकाशात पसरलेला असतो आणि काळोख्या रात्रीही आकाश स्वतः थोडं उजळ असतंच. मोठ्या दुर्बिणीत दीर्घिकेबरोबर आकाशाचा उजेडही जास्त गोळा होतो. त्या उजेडापुढे दीर्घिका फारच फिकी असेल, तर ती समोर असूनही दिसत नाही. म्हणूनच ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ माइक डिस्ने यांनी १९७६ साली विचारलं, की अशा किती दीर्घिका आपल्या नजरेतून सुटल्या असतील?

त्याचं एक उत्तर १९८६ मध्ये मिळालं. ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगच्या श्मिट दुर्बिणीतून काचेच्या प्लेटांवर छायाचित्रं घेत. अतिमंद प्रकाशाची खूण प्लेटवरच्या लेपाच्या अगदी वरच्या थरात उमटते. खगोल-छायाचित्रकार डेव्हिड मालिन त्या प्लेटला दुसरी फिल्म चिकटवून विखुरलेल्या प्रकाशात प्रत काढत. त्या प्रतीत वरचा थर ठळक येई आणि खालच्या थरांतला धूसरपणा मागे पडे. कन्या राशीतल्या दीर्घिकासमूहाच्या अशा प्रतींत एक पुसटसा डाग दिसला. समूहातली एखादी खुजी दीर्घिका असेल, असं आधी वाटलं. वर्णपट घेतल्यावर कळलं, की ती समूहाच्या कितीतरी पलीकडे, सुमारे १२० कोटी प्रकाशवर्षांवर आहे! तिचं नाव मालिन १. तिची तबकडी आपल्या आकाशगंगेच्या कित्येक पट मोठी आहे. एवढी अवाढव्य दीर्घिका तोवर कुणालाच दिसली नव्हती, कारण ती अतिशय फिकी आहे.

आता आपल्याकडे पाहू. गावोगावचे दिवे आकाशाचा उजेड वाढवत चालले आहेत. २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका शहरातून द्विनेत्रीने पाहिली तर मधला गाभा तेवढा दिसतो, तिची विस्तीर्ण तबकडी हरवते. अंधाऱ्या माळरानावर वीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मग तीच द्विनेत्री लावा आणि नजर किंचित बाजूला ठेवा. डोळ्याच्या कडेच्या पेशी मंद प्रकाश अधिक टिपतात, त्यामुळे दीर्घिका लांबवर पसरत गेलेली दिसेल.

आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. रात्रीचं आकाश अंधारं राखण्याचं हे काम जंगलापुरतं राहू नये. रस्त्यावरच्या आणि अंगणातल्या दिव्यांना वरून झाकण घाला, प्रकाश जमिनीकडे वळवा, गरज नसेल तेव्हा ते मालवा. त्यासाठी मोठी दुर्बीण लागत नाही, गावाचा निर्धार लागतो.