काम सोपवायला शिका

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



मी काही विद्वान वक्ता नव्हे. माझे सारे आयुष्य कारखान्यात गेले. आपल्या समाजातील मुले-मुली आज शिकून अधिकाराच्या जागांवर जाऊ लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. पण अशा जागेवर बसले की स्वतः काम करणे पुरत नाही, दुसऱ्यांकडून ते करवून घ्यावे लागते. ही विद्या कोणत्याही परीक्षेत विचारली जात नाही. मी ती उशिरा शिकलो आणि माझ्या अज्ञानाची झळ दुसऱ्यांना बसली. ती हकीकत सांगावी म्हणून आज उभा आहे.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात व्यवस्थापक होतो. साठएक कामगार होते, त्यांतले निम्म्याहून अधिक आपल्या समाजाचे. मी सकाळी सर्वांच्या आधी येई आणि रात्री सर्वांच्या नंतर जाई. गोदामाच्या चाव्या माझ्या खिशात, तिजोरीची किल्ली माझ्याकडे, पगारपत्रकावर सही माझी. एक खिळ्याची पेटी काढायची तरी मला विचारावे लागे. याचा मला अभिमान वाटत असे. 'माझ्याशिवाय इथले पान हलत नाही,' असे मी घरी मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

रमजानचा महिना होता. गावाहून तार आली, वडील अत्यवस्थ. मी होतो तसा एस.टी.त बसलो. पावसाळ्याचे दिवस, गावात टेलिफोन नाही. आठवड्याने वडिलांच्या प्रकृतीला उतार पडला आणि मी परतलो. मधल्या काळात पगाराची तारीख येऊन गेली होती आणि ईदही होऊन गेली होती. मालक परगावी होते. पैसे तिजोरीत होते, कारकून हुशार होता, हिशेब तयार होता. पण किल्ली आणि सही कोणाकडेच नव्हती. कामगारांनी उसनवारी करून ईद काढली होती. काहींच्या मुलांना नवे कपडेही मिळाले नव्हते. आमचे वयस्क फोरमनचाचा माझ्याकडे आले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, अब्बाजानची तब्येत आता बरी आहे ना? पुढच्या वेळी जाताना किल्ली कोणाला तरी देऊन जा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी ज्याला कर्तव्यनिष्ठा समजत होतो, तो खरे पाहता अविश्वास होता. कारकुनाने सात वर्षांत एका पैशाची चूक केली नव्हती, तरी मी त्याला किल्ली देण्याइतका भरवशाचा मानला नव्हता. त्यानंतर मी हळूहळू काम सोपवायला शिकलो. त्यातून जे हाती लागले ते असे.

पहिली गोष्ट, काय सोपवायचे ते आधी ठरवावे. आठवडाभर आपण जी कामे करतो ती कागदावर लिहावीत. यातले कोणते काम दुसरा आज करू शकेल, कोणते शिकवल्यावर करू शकेल आणि कोणते आपणच केले पाहिजे, अशा तीन याद्या कराव्यात. माझी तिसरी यादी फारच लहान निघाली. एक पथ्य मात्र पाळावे. नुसती कंटाळवाणी कामे खाली ढकलून मानाची कामे स्वतःकडे ठेवू नयेत. माणसे हे लगेच ओळखतात.

दुसरी गोष्ट, काय व्हायला हवे आणि केव्हापर्यंत, हे स्पष्ट सांगावे. कसे करायचे ते त्याच्यावर सोडावे. फोरमनचाचांनी माल लावण्याची माझी पद्धत बदलली तेव्हा मला राग आला होता. महिन्याभरात कळले की त्यांच्या पद्धतीत हेलपाटे कमी होते.

तिसरी गोष्ट, कामाबरोबर अधिकारही द्यावा आणि तो चारचौघांत सांगून द्यावा. याचे मोठे उदाहरण आपल्या कोकणातच आहे. १९९० साली श्री. ई. श्रीधरन यांच्याकडे कोकण रेल्वे महामंडळाची धुरा आली. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, वाटेत सह्याद्रीचे कडे, खाड्या, आणि रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा. एका माणसाने मुंबईत बसून प्रत्येक कागदावर सही करायची म्हटली असती तर आज तिथे गाडी दिसली नसती. त्यांनी मार्गाचे सात भाग केले, प्रत्येक भागावर एक मुख्य अभियंता नेमला आणि त्याला जागेवर निर्णय घेण्याचा अधिकार दिला. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला.

चौथी गोष्ट, विचारपूस कोणत्या दिवशी करायची ते आधीच ठरवावे. दर तासाला डोकावणे म्हणजे काम सोपवणे नव्हे, आणि महिनाभर न विचारणे म्हणजे काम टाकून देणे होय.

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड. चूक झाली तर ती आपल्या शिरावर घ्यावी आणि यश आले तर ज्याने काम केले त्याला पुढे करावे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी स्वतः अनेकदा सांगितलेला प्रसंग आपल्यापैकी कित्येकांनी ऐकला असेल. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेले एस.एल.व्ही.-३ हे रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळले. मोहिमेचे प्रमुख कलाम होते. परंतु पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन. अपयश त्यांनी स्वतःकडे घेतले. १८ जुलै १९८० रोजी त्याच प्रकारच्या रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचवला, तेव्हा धवन यांनी कलामांना सांगितले, आज पत्रकारांशी तुम्ही बोला. पहिल्या अपयशानंतर धवन यांनी ते काम कलामांकडून काढून घेतले नाही, हे आपण ध्यानात ठेवावे. काम दुसऱ्याला देता येते, पण त्याचा जाब शेवटी आपल्यालाच द्यावा लागतो.

पालकहो, हे फक्त कचेरीपुरते नाही. आपल्यातले कित्येक जण मुलाचा प्रवेशअर्ज स्वतः भरतात, बँकेची स्लिप स्वतः लिहितात आणि मग म्हणतात, 'पोराला व्यवहार कळत नाही.' त्याला तो कळावा कसा? महिन्याच्या वाणसामानाचा हिशेब मुलीकडे द्या. दोन-चार रुपयांची चूक होईल, होऊ द्या. एकदा चुकलेली बेरीज ती जन्मभर विसरणार नाही. आपल्या संस्थांतही वीस-वीस वर्षे एकाच सद्गृहस्थाकडे सारे कामकाज असते. त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या शेजारी एक तरुण बसवला नाही, तर त्यांच्यामागे दप्तर कोण उघडणार?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यावर कोणी काम सोपवले तर ती अमानत समजा. अडचण आली तर लपवू नका, वेळेवर सांगा. तुमच्या या सवयीमुळेच वडीलधाऱ्यांना काम सोडण्याचे धैर्य होईल.

त्या ईदनंतर मी किल्लीची दुसरी प्रत कारकुनाकडे दिली आणि मालकांच्या संमतीने माझ्या गैरहजेरीत सही करण्याचा अधिकारही त्याला मिळवून दिला. पुढच्या वर्षी मी गावी जाऊन वडिलांसोबत ईद केली, आणि कारखान्यात पगार दोन दिवस आधी झाले. माझ्याशिवाय तिथले पान हलले होते, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही.