डब्यावरची बारीक अक्षरे

मंडळी, तुम्ही आता पोथी वाचता, एस.टी.ची पाटी वाचता. आज आम्ही तुम्हांला डब्यावरचे वाचन सांगणार आहोत.

आमच्या ओळखीच्या एका घरी सात वर्षांचा नातू आहे. पोट फुगलेले, हातपाय काड्यांसारखे. डॉक्टरांनी रक्त तपासले, आतडे तपासले. म्हणाले, "याला गहू सोसत नाही. जन्मभर बंद."

या रोगाला सिलिॲक म्हणतात. गव्हात ग्लुटेन नावाचा चिकट अंश असतो. मळलेली कणीक ताणली जाते ना, ती त्याच्यामुळेच. या रोग्याच्या आतड्याचे अस्तर त्याने झिजते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. सातूतही, म्हणजे जवातही, तसाच अंश असतो. गव्हाचा हा दोष हॉलंडच्या डिके नावाच्या डॉक्टरांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला. पथ्य हेच यावर औषध.

त्या घरी चपाती गेली, ज्वारीची भाकरी आली. तरी पोर सुधरेना. आजीचा जीव तुटायचा. ती रोज त्याच्या दुधात ताकदीची पूड घालायची. मायेनेच हो! सून साक्षरता वर्गाला जायची. एके दिवशी तिने तो डबा उचलला आणि बोट ठेवून अक्षरे लावू लागली. जौ... गेहूं... "आत्याबाई, गेहूं म्हणजे गहूच की!" आजी मटकन खाली बसली.

कायद्याप्रमाणे डब्यावर इंग्रजी किंवा हिंदी असावेच लागते. मराठी असेलच असे नाही. म्हणून हिंदी शब्द ओळखून ठेवा: गेहूं, मैदा, सूजी, जौ. सूजी म्हणजे आपला रवा. नुसती इंग्रजी असली तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या. व्हीट म्हणजे गहू, बार्ली म्हणजे सातू. माल्ट बहुधा सातूचेच असते. जो जिन्नस वजनाने जास्त, तो यादीत आधी लिहितात. पण शेवटचे नावही सोडू नका. हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तो फक्त शाकाहारी एवढेच सांगतो.

हिंगाची डबीसुद्धा वाचा. बाजारच्या हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. हे ऐकून आम्हीही चकित झालो होतो!

आणि गिरणी? तिथे कागद नाही, अक्षर नाही. आधी कुणाचे गहू दळले असतील, तर ते पीठ तुमच्या ज्वारीत येणारच. त्या घरी मग माळ्यावरचे जाते खाली काढले. टाकी लावून घेतली. आता त्याची ज्वारी घरीच दळतात. पूड बंद झाली. काही महिन्यांनी पोराच्या अंगावर मांस दिसू लागले. आजी आता नवा डबा आणला की आधी सुनेपुढे धरते.

एक सांगायचे राहिले. पोट दुखते म्हणून आपल्या मनाने गहू सोडू नका बरं का. आधीच सोडला, तर तपासणीत रोग सापडत नाही. आधी डॉक्टरांकडे जा, मग पथ्य.