शेवटच्या रांगेतील मूल



स्नेहसंमेलनाच्या तालमी आता सुरू होतील. पाऊल चुकते म्हणून एखादे मूल वगळण्याचा मोह आपणांस होईल. लहानपणी मीही असाच वगळला गेलो होतो. तो सल अद्याप गेलेला नाही.

रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे १८९२ साली चायकोव्हस्कीच्या संगीतावरील ‘नटक्रॅकर’ हे बॅले, म्हणजे शब्दांवाचून कथा सांगणारे नृत्यनाट्य, प्रथम सादर झाले. त्यातील क्लारा ही नृत्यशाळेतील बालविद्यार्थिनीच होती. त्याच शाळेत शिकलेल्या जॉर्ज बालान्शिन यांनी पुढे पंधराव्या वर्षी त्यात छोटा राजपुत्र साकारला. १९५४ साली त्यांनी न्यूयॉर्क येथे हे बॅले नव्याने बसविले, तेव्हाही मुलांच्या भूमिका मुलांनाच दिल्या. तेथे मुलांचे दोन संच आळीपाळीने रंगमंचावर येतात. खेळण्यातील सैनिकांच्या रांगेत एकाचे पाऊल मागे पडले, तर सारी रांग मोडते; म्हणून शेवटच्या सैनिकाचीही तालीम कसून घ्यावी लागते.

आपला रंगमंच शाळेचा ओटा असेल, साथीस केवळ ढोलकी असेल. तथापि दोन संच करणे आपणांस अशक्य नाही. चुकणाऱ्या पावलास आठ दिवस अधिक द्यावेत. त्यास घरी पाठवू नये, एवढीच माझी विनंती आहे.