तीन वर्षांनंतरचे विमान



मराठवाडा-सोलापूर परिसरातल्या अर्थशास्त्र व वाणिज्याच्या अध्यापकांची नागरी विमान वाहतुकीवरची परिषद नळदुर्गात का, असा प्रश्न काहींनी विचारला. मला ही जागा अगदी योग्य वाटते. या धंद्याचे अर्थकारण मुंबईत बसून दिसत नाही. जिथे विमान येता येता राहते आणि आले तरी पुन्हा निघून जाते, तिथेच ते उघडे पडते. इथून तासाभराच्या अंतरावर सोलापूरचा विमानतळ आहे. सोलापूरहून येताना तुम्ही बोरामणी ओलांडले. तिथल्या नियोजित विमानतळासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी कधीच संपादित झाल्या आहेत. धाराशिवला धावपट्टी आहे, लातूरला आहे. आणि तरीही या पट्ट्यातला माणूस पुण्या-मुंबईला जातो तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, एसटीने नाहीतर रेल्वेने.

असे का होते, हे सांगताना ‘राजकीय इच्छाशक्ती नाही’ या वाक्यावर आपण फार लवकर थांबतो. खोलात गेले की तीन गोष्टी हाती लागतात: नियम, हिशेब आणि रोजचे संचालन. त्या एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की एकीवर बोट ठेवले की दुसरी हलते.

सोलापूरच्या चिमणीपासून सुरुवात करू. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या उड्डाणमार्गात श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी उभी होती, नव्वद मीटरहून उंच. विमान उतरताना ठरावीक उतारावरून खाली येते. त्या उताराखालचा ठरावीक पट्टा अडथळ्यांपासून मोकळा हवा, हा आंतरराष्ट्रीय दंडक आहे आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, तो पाळल्याशिवाय परवाना देत नाही. दुसऱ्या बाजूला हजारो ऊस उत्पादक सभासद होते, त्यांच्या गाळपाचा प्रश्न होता. वर्षानुवर्षे मोर्चे निघाले, उपोषणे झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर 15 जून 2023 रोजी स्फोटके लावून ती चिमणी पाडली गेली. काही सेकंदांत ती आडवी झाली आणि धुळीचा लोट उठला. कुणी जल्लोष केला, कुणाच्या डोळ्यांत पाणी आले. दोघांचेही मला समजते. पण हा नियम योग्यच होता. दोष नियमाचा नव्हता. विमानतळाच्या उंबरठ्यावर इतके उंच बांधकाम उभे राहीपर्यंत ते वेळीच थांबवले नाही, दोष तिथे आहे.

चिमणी पडल्यावर लगेच विमान आले का? नाही. नूतनीकरण झालेल्या विमानतळाचे उद्घाटन सप्टेंबर 2024 मध्ये झाले. फ्लाय 91 या कंपनीचे गोव्याचे विमान 9 जून 2025 रोजी सुरू झाले आणि स्टार एअरचे मुंबईचे विमान 15 ऑक्टोबर 2025 रोजी. अडथळा गेला तरी विमान यायला दोन वर्षे लागली. इथे नियमाचे काम संपते आणि हिशेबाचे सुरू होते.

एटीआर विमानात साधारण बहात्तर आसने असतात. त्यात वीस माणसे बसोत की सत्तर, इंधन जवळजवळ तेवढेच जळते. वैमानिकांचा पगार, विमानाचे भाडे, देखभाल हा खर्च तर विमान नुसते उभे राहिले तरी चालूच असतो, आणि त्यातला बराचसा डॉलरमध्ये चुकवायचा असतो. तिकीट मात्र रुपयांत विकायचे. इंधन हा आपल्याकडे सर्वांत मोठा खर्च. एकूण खर्चाच्या साधारण चाळीस टक्क्यांपर्यंत तो जातो. विमान इंधन अजून जीएसटीत नाही, त्यामुळे प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. महाराष्ट्राने 2023-24 च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा कर 25 वरून 18 टक्क्यांवर आणला. प्रादेशिक योजनेतल्या विमानतळांवर तो त्याआधीच एक टक्का होता. हे चांगलेच झाले. पण नुसत्या कर सवलतीने रिकामी आसने भरत नाहीत.

म्हणून 2016 मध्ये ‘उडान’ योजना आली. तिची रचना आपल्या विद्यार्थ्यांना शिकवण्याजोगी आहे. साधारण तासाभराच्या प्रवासाला निम्म्या आसनांचे भाडे सुरुवातीला अडीच हजारांच्या आसपास बांधून दिले. कंपनीला येणारी तूट सरकारने व्हीजीएफ, म्हणजे तफावत निधी देऊन भरायची. त्यातला 80 टक्के वाटा केंद्राच्या निधीतून आणि बहुतेक राज्यांत 20 टक्के राज्याचा. केंद्राचा हा निधी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून उभा केला. म्हणजे मुंबई-दिल्लीचा प्रवासी नांदेडच्या प्रवाशाला हात देतो. ही कल्पना मला मनापासून आवडते. मात्र हा आधार तीन वर्षांचाच असतो.

तीन वर्षांनंतर काय होते, हे आपल्या मराठवाड्याने पाहिले आहे. देशात उडानचा आरंभ झाला त्याच दिवशी, 27 एप्रिल 2017 रोजी, शिमल्याबरोबर नांदेड-हैदराबाद विमानालाही हिरवा झेंडा मिळाला होता. आपण पहिल्या पंगतीत होतो. पुढे ही सेवा चालवणारी ट्रूजेट कंपनी अडचणीत आली, बंद पडली आणि नांदेडचा विमानतळ ओस पडला. 2024 मध्ये स्टार एअर आले तेव्हा तिथे पुन्हा जाग आली. तिकडे कोकणात चिपीला ऑक्टोबर 2021 मध्ये मोठ्या उत्साहात सुरू झालेली मुंबईची सेवा तीन वर्षे भरल्यावर थांबली. सोलापुरातही पूर्वी किंगफिशरचे विमान येत होते, हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. आधी कंपनीने पाय काढला, पुढे ती कंपनीच बुडाली.

विमाने बंद पडली ती माणसे नव्हती म्हणून, हे मला पटत नाही. वेळापत्रकावर भरवसा नव्हता म्हणून माणसे टिकली नाहीत. आठवड्यातून तीन दिवस येणारे आणि त्यातलेही एखाद दिवस रद्द होणारे विमान सोलापूरचा टॉवेल-चादरीचा व्यापारी कशाला धरेल? त्याला सकाळी मुंबईत पोचून संध्याकाळी परत यायचे असते. पण मुंबई विमानतळावर सकाळ-संध्याकाळचा स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची नेमून दिलेली वेळ, सोन्याच्या भावाची. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या वेळेत कंपनी बहात्तर प्रवाशांचे विमान आणील की एकशे ऐंशींचे? उत्तर उघड आहे. लहान गावाच्या वाट्याला उरते ती भर दुपार. म्हणून 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळाकडे मी फार आशेने पाहतो. तिथे लहान शहरांसाठी सकाळचे आणि संध्याकाळचे काही स्लॉट राखून ठेवायला हवेत. तफावत निधीपेक्षाही त्याचा उपयोग अधिक होईल.

आता रोजच्या संचालनातलीच एक गंभीर गोष्ट. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम 2025 मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. थकलेला माणूस चुकतो. हा नियम जीव वाचवणारा आहे. तयारीला वेळही मिळाला होता. तरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोचे वेळापत्रक कोसळले, हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि नियामकाला त्याच कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. कारण देशांतर्गत प्रवासी वाहतुकीचा साठ टक्क्यांहून अधिक हिस्सा एका कंपनीकडे आहे. ती थांबली की देश थांबतो. बाजारात मक्तेदारी वाढली की सुरक्षेचा नियमही वाकतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. जेट एअरवेज 2019 मध्ये आणि गो फर्स्ट 2023 मध्ये बंद पडली, त्याची खरी किंमत आपण त्या डिसेंबरात मोजली.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. जिवाशी निगडित नियमांत तसूभरही सवलत नको, मग ती चिमणी असो की वैमानिकाची झोप. बाजाराचे नियम मात्र सैल हातांनी आणि लांबच्या मुदतीचे करावेत. तफावत निधी तीन वर्षांनी एकदम तोडण्याऐवजी आसने भरतील तसा पायरीपायरीने कमी करावा. आणि धावपट्ट्या देऊन मोकळे होऊ नये. राज्याने 2009 मध्ये धाराशिव, लातूर, नांदेडसह पाच विमानतळ दीर्घ भाडेपट्ट्याने रिलायन्सकडे सोपवले. त्यातून धाराशिवकरांना नियमित प्रवासी विमान मिळाले नाही. बोरामणीत शेकडो हेक्टर जमीन घेतल्यावर माळढोकाच्या अधिवासाचा आणि वनजमिनीचा प्रश्न आडवा आला. वन कायद्याला मी दोष देणार नाही. हा प्रश्न जमीन घेण्याआधी सुटायला हवा होता, हे त्या शेतकऱ्यांचे म्हणणे रास्त आहे.

अध्यापक मित्रांनो, आपल्याकडे महाविद्यालये आहेत, विद्यार्थी आहेत. कोण कुठे जाते, किती वाजता जाते, किती पैसे मोजते, याची नोंद तुळजापूर, उमरगा, अक्कलकोटच्या बसस्थानकांवर आपले विद्यार्थी करू शकतील. विमान कंपन्यांसमोर आणि सरकारसमोर निवेदने खूप गेली. आता ही आकडेवारी जाऊ द्या. येत्या सत्रापासून आपापल्या महाविद्यालयात हे काम सुरू करा, आणि मागणी करताना नव्या विमानतळाची करू नका, सोलापूरहून रोज सकाळी मुंबईला जाणाऱ्या आणि संध्याकाळी परत येणाऱ्या विमानाची करा.