अस्थींचे राखणदार

गाबाँ, इक्वेटोरियल गिनी व दक्षिण कॅमेरून येथील फांग लोक थोर पूर्वजांच्या कवट्या सालीच्या पेटींत जतन करीत. पेटीवर कोरीव लांकडी मूर्ति बसे. पूजा अस्थींची, मूर्ति केवळ राखणदार. तिला तेल चोळीत, म्हणून तिचें अंग काळेंभोर, तुकतुकीत होई. दीक्षाविधींत तिला उतरवून बाहुलीसारखी नाचवीत.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मिशनरी व वसाहतींचे अधिकारी यांच्या दडपणानें हा पूर्वजपंथ मोडत गेला. मूर्ति यूरोपांत गेल्या, कवट्या बहुधा मागें राहिल्या. शिल्पकार जेकब एपस्टाइन यांच्या संग्रहांतील असें एक मस्तक आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्यें आहे. पाहणारांनीं त्याच्या घडणीचें कौतुक अवश्य करावें; मात्र ज्या अस्थींसाठीं असा पहारा होता, त्यांचीही आठवण ठेवावी.