आहार आणि व्यायाम यांचा मेळ



बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशनाच्या पाठोपाठ ऊणोदरीचे, म्हणजेच अवमौदर्याचे, स्थान आहे. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घास आणि स्त्रीचा अठ्ठावीस घास मानून त्याहून काही घास कमी घेणे, असे तिचे स्वरूप शास्त्रकारांनी सांगितले. अनशनाचा गौरव समाजात मोठ्या उत्साहाने होतो; मिरवणुका निघतात, सत्कार होतात. ऊणोदरी करणाऱ्याचा सत्कार मात्र सहसा कोणी करीत नाही. भूक शिल्लक असताना पानावरून उठणे कोणाच्या नजरेस येत नाही, हेच त्याचे कारण असावे.

तपाचा हेतू कर्मनिर्जरा हा होय, वजन घटविणे हा नव्हे. अठ्ठाईनंतर काटा खाली येतो खरा; परंतु पहिल्या काही दिवसांतील घट मुख्यतः पाण्याची आणि यकृत व स्नायूंत साठविलेल्या शर्करेची असते. पुढे चरबीबरोबर थोडे स्नायूही झिजतात. पारण्यानंतर गोडधोड आणि तळलेले सुरू राहिले की वजन परत येते. झिजलेले स्नायू मात्र व्यायामावाचून तितक्या सहजी परत येत नाहीत.

स्नायू आणि चरबी यांतील हा भेद भारतीयांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा स्नेह्यांचे छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन दाखविणारा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, 22.3. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्या ठिकाणी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या ठिकाणी 21.2 टक्के निघाली! दिसावयास सडपातळ, आतून मात्र चरबीयुक्त, अशी भारतीयांची ठेवण आहे. म्हणूनच भारतीयांसाठी हा निर्देशांक 23 च्या पुढे गेला की वजन अधिक आणि 25 पासून स्थूलता मानतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. त्याहून सोपी खूण कमरेच्या घेराची. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर ही धोक्याची सूचना समजावी.

आता स्वयंपाकघराकडे वळू या. अभक्ष्याचा विचार जेथे इतक्या बारकाईने होतो, तेथे तेलाचा विचार क्वचितच होतो. कांदा-बटाटा नसलेली शेव ही शेवटी तळलेलीच असते! चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी दररोज सुमारे 38 ग्रॅम तेल पोटात जाते. त्याचे सुमारे 340 उष्मांक झाले. तूप, साखर आणि बाहेरून आलेले फरसाण वेगळेच. साठ किलो वजनाचा मनुष्य अर्धा तास झपझप चालला, तर सुमारे 120 उष्मांक खर्च होतात. तेलाचे तीन लहान चमचे म्हणजे ही सारी कमाई गेली. केवळ चालण्यावर भिस्त ठेवून पोट कमी करू पाहणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे. तेल, तूप, साखर यांवर संयम सांगणारा रसपरित्याग येथे कामी यावा.

मात्र कमी खाताना डाळ कमी होता कामा नये. साठ किलोच्या व्यक्तीला दररोज सुमारे 50 ग्रॅम प्रथिने लागतात. शंभर ग्रॅम कोरड्या मूगडाळीत ती सुमारे 24 ग्रॅम असतात. पाण्यासारख्या पातळ वरणात कितीशी उतरणार? मूग, मटकी, हरभरा, दूध, दही यांना पानात भाताइतकेच मानाचे स्थान हवे. वयस्कर मंडळींनी तर याकडे अधिकच लक्ष द्यावे.

व्यायामाने वजन फारसे उतरले नाही, तरी तो वाया जात नाही. काम करणारे स्नायू रक्तातील साखर शोषून घेतात. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनानंतरची शतपावली म्हणूनच उपकारक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही करावा. रोजचा हिशेब एका सामायिकाच्या 48 मिनिटांहूनही कमी भरतो. बळासाठी व्यायामशाळाच हवी असे नाही. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे पुष्कळांना जड जाते, त्यांनी तेथूनच आरंभ करावा.

मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी अवश्य बोलावे. नेहमीची मात्रा चालू ठेवून अन्न बंद केल्यास साखर एकाएकी खाली जाऊन जिवावर बेतू शकते. अशा साधकांसाठी ऊणोदरीची वाट सामान्यतः अधिक सुरक्षित आहे. औषधाची मात्रा मात्र तेव्हाही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.